फ्रिजमध्ये कढीपत्त्याच्या मागे सापडलेली इंजेक्शनं

मला आलेलं पत्र थोडक्यात असं आहे, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय:

"मी नाशिकरोडला राहते. मुलगा १७ वर्षांचा, बारावीला आहे, चार महिन्यांनी १८ पूर्ण होतील. ५००० मीटर पळतो, दोनदा स्टेटला जाऊन आलाय. मागच्या आठवड्यात फ्रिज पुसायला काढला तर कढीपत्त्याच्या पिशवीमागे एक स्टीलचा डबा, आत बर्फाचं पाकीट आणि दोन भरलेली इंजेक्शनं. खोदून विचारल्यावर म्हणाला, रक्त वाढायचं औषध आहे, सरांनी दिलंय, दोन घेऊन झाली, तिसरं रविवारी. मेडिकलमध्ये मिळतं, डॉक्टर किडनीच्या पेशंटला देतात, बेकायदेशीर काही नाही, फक्त टेस्टमध्ये सापडायला नको. सगळेच घेतात म्हणे. सर चार वर्षं एक रुपया न घेता शिकवतायत, पहिले स्पाइक्सचे बूट त्यांनीच घेऊन दिले होते. मिस्टर म्हणतात स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागेपर्यंत तू गप्प बस. मला एवढंच सांगा, हे कायदेशीर आहे की बेकायदेशीर? पोलीस मुलाला उचलतील का? आणि मी तक्रार केली तर त्याचं करिअर माझ्याच हातानं संपेल ना?"

ताई,

बाकीचं सावकाश वाचा पण एक काम आधी करा, रविवारचं इंजेक्शन थांबवा. मुलाला समजावून थांबवा, नाही ऐकलं तर डबा स्वतःच्या ताब्यात घ्या. त्या डब्याचं पुढे काय करायचं ते खाली सांगते.

मी काउंटरच्या मागे २२ वर्षं उभी आहे, माझं स्वतःचं मेडिकल आहे, आणि त्याआधी मी पण पळायचे, ८०० मीटर. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना मला तो डबा अगदी दिसला. आणि पहिली गोष्ट खटकली ती बर्फाची. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून ते एरिथ्रोपोएटिन असणार, ग्राउंडवर सगळे ईपीओ म्हणतात. ते २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, गोठलं की फेकून द्यायचं, जोरात हलवायचं पण नाही. आम्ही ते थंड पेटीतून घेतो आणि गिऱ्हाइकाला देताना दोनदा बजावतो. तुमच्या घरी ते सरांच्या सॅकमधून आलं, बसमधून आलं, उन्हातून आलं, मग बर्फाला टेकवून ठेवलं. म्हणजे पोराच्या दंडात काय गेलं हे खरं तर सरांनाही माहीत नाही.

आता तुमचा प्रश्न. कायदेशीर की बेकायदेशीर, याला एका शब्दात उत्तर नाहीये, आणि सरांनी तुमच्या मुलाला पटवलंय ते नेमकं याच फटीतून. "मेडिकलमध्ये मिळतं" हे खरं आहे. पण मेडिकलमध्ये मिळतं ते चिठ्ठीवर. खोक्यावर आरएक्स छापलेलं असतं, सूचना असते की रजिस्टर्ड डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायचं. बिलावर पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, बॅच नंबर. तुमच्या मुलाच्या नावाची चिठ्ठी आहे का? बिल आहे का? नसणारच. मग ते औषध कायदेशीर असून तुमच्या घरात ज्या वाटेनं आलं ती वाट बेकायदेशीर आहे.

औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायदा १९४० चा आहे, त्याचे नियम १९४५ चे. लायसन नसताना औषध विकणं, विकायला साठवणं, वाटणं हा त्यात गुन्हा आहे आणि शिक्षा किरकोळ नाही, कमीत कमी ३ वर्षं कैद, ५ पर्यंत जाऊ शकते, वर दंड. माझ्यासारखी लायसनवाली बिनचिठ्ठीचं द्यायला लागली तर माझं लायसन जातं. मग ज्याच्याकडे लायसनच नाही तो ग्राउंडवर सॅकमधून इंजेक्शनं काढून पोरांना वाटतो त्याचं काय, तुम्हीच बघा. त्यानं पैसे घेतले नाहीत म्हणून ते वाटणं माफ होत नाही.

आणि ज्यानं टोचून घेतलं त्याचं? इथे तुमच्या जिवाला थोडा आराम पडेल असं सांगते. आपल्याकडे खेळाडूनं असं औषध घेतलं म्हणून त्याला तुरुंगात टाकायचा कायदा नाही. गांजा, ब्राउन शुगर वगैरेसाठीचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे त्यात ईपीओ येत नाही, बॉडीबिल्डिंगवाले घेतात ती स्टेरॉइड्स पण येत नाहीत. सगळीकडे असंच आहे असं समजू नका. जर्मनीनं २०१५ मध्ये कायदा केला, तिथे मोठ्या पातळीवरच्या खेळाडूनं स्वतः डोपिंग केलं तरी तुरुंग होऊ शकतो. अमेरिकेत चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड जवळ बाळगणंच गुन्हा आहे, १९९० च्या कायद्यानं. इंग्लंडमध्ये स्वतःपुरतं जवळ असलं तर चालतं पण दुसऱ्याला दिलं की गुन्हा. आपल्या संसदेनं २०२२ मध्ये राष्ट्रीय डोपिंगविरोधी कायदा केला तेव्हा खेळाडूला कैदेची शिक्षा ठेवली नाही. तेव्हा पोलीस पोराला घरातून उचलून नेतील ही भीती आधी मनातून काढा. हे मी मुद्दाम एवढं लांबवून सांगतेय कारण माझा अनुभव आहे, आईबाप पोलिसांच्या भीतीनं गोष्ट दाबतात, आणि दाबली की फायदा होतो तो औषध देणाऱ्याचा, घेणाऱ्या पोराचा नाही.

पण तुरुंग नाही म्हणजे काही नाही असं पण नाही. त्या २०२२ च्या कायद्यानं नाडाला, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेला, कायद्याचा आधार दिला. त्याआधी २००५ पासून ती नुसती सोसायटी म्हणून चालत होती. आता निकाल रद्द, मेडल परत, बक्षीस परत, खेळायला बंदी, हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. ईपीओसारखं औषध सापडलं तर साधारण ४ वर्षांची बंदी, आणि मुद्दाम घेतलं नव्हतं हे खेळाडूनं सिद्ध करायचं. मला कुणीतरी दिलं, मला माहीत नव्हतं, सर म्हणाले म्हणून घेतलं, यानं सुटका होत नाही, शरीरात काय गेलं याची जबाबदारी ज्याचं शरीर त्याची. सॅम्पल द्यायला नकार दिला तरी ४ वर्षं. आणि टेस्टमध्ये सापडायलाच पाहिजे असंही नाही, खेळाडूजवळ ते नुसतं असणं हाही नियमभंग आहे. म्हणजे तुमच्या फ्रिजमधला डबा.

अजून एक, हे वाचून दचकाल पण सांगायलाच हवं. या कायद्यात खेळाडूला साथ देणाऱ्या माणसांची व्याख्या आहे, कोच, ट्रेनर, डॉक्टर अशी यादी आहे आणि त्या यादीत पालक हा शब्द पण आहे. माहीत असून लपवायला मदत करणं हा वेगळा नियमभंग आहे. फ्रिज पुसायच्या आधी तुम्हाला माहीत नव्हतं, आता आहे. मिस्टर म्हणतात गप्प बस, पण आता गप्प बसणं म्हणजे बाजूला उभं राहणं नाही, त्यात भाग घेणं आहे. हे त्यांना नीट बसवून सांगा, भांडणात नको, रात्री जेवणं झाल्यावर सांगा.

मिस्टरांचं म्हणणं मला कळतं हो. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, नाशिकरोडला तर नोटांच्या प्रेसमध्ये किंवा रेल्वेत कायम नोकरी लागलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात हे मी सांगायला नको, एका घराचं आयुष्य बदलतं. पण त्या आरक्षणाचा पाया काय? स्पर्धेचं सर्टिफिकेट. ते क्रीडा खात्याकडे पडताळणीला जातं. ज्या निकालावर सर्टिफिकेट उभं आहे तो निकालच उद्या रद्द झाला तर नोकरी कशावर उभी राहणार? आणि सॅम्पल १० वर्षांपर्यंत ठेवून परत तपासता येतं. सर पोराला सांगत असतील की इतक्या दिवसांत अंगातून निघून जातं, कुणाला कळत नाही. त्यांना ते कुणी सांगितलं, आणि नाही निघालं तर बंदी कुणाला लागणार, एवढंच मुलाला विचारा. जास्त बोलायची गरज पडणार नाही.

"सगळेच घेतात" हे पण बघू. आपल्या देशाची अवस्था वाईट आहे हे खरंय, लपवण्यात अर्थ नाही. २०२२ मध्ये भारतात ३,८६५ सॅम्पल घेतली, त्यात १२५ पॉझिटिव्ह निघाली, म्हणजे शंभरात तीनच्या वर, मोठ्या प्रमाणावर टेस्टिंग करणाऱ्या देशांत आपलं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत नाडाची माणसं आली म्हटल्यावर १०० मीटरच्या फायनलला आठातला एकच मुलगा लाईनवर उभा राहिला, बाकीचे पसार. स्टेडियमच्या संडासात सिरिंजा पडलेल्या.  आणि शंभरात तीन पकडले जातात म्हणजे न पकडलेले पण असतील, मान्य, पण म्हणून सगळेच असं नाही होत. हर्सूल, पेठ, सुरगाण्याकडून पोरं-पोरी येतात, सकाळी साडेपाचला थंडीत शाल गुंडाळून वॉर्मअप करतात, त्यांच्या घरी फ्रिजच नाही तर डबा कुठे ठेवणार. आपल्याच सावरपाड्याची कविता राऊत २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ घेऊन आली. "सगळेच घेतात" हे वाक्य अशा प्रत्येक पोरीवर चिखल उडवतं, मला त्याचा राग येतो, तो मी लपवणार नाही.

आता सरांबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जड तेच वाटलं. चार वर्षं फुकट शिकवलं, स्पाइक्स घेऊन दिले, अशा माणसाबद्दल तक्रार करायची म्हणजे कृतघ्नपणा, असं तुम्हाला वाटतंय, लिहिलं नाहीत तरी ओळींमधून दिसतंय. मला पण एक सर होते, मी त्यांचं नाव घेत नाही. खूप जीव लावायचे, डब्यात गूळ-शेंगदाणे आणायचे आमच्यासाठी. आमच्यात एक सीनियर मुलगी होती, थ्रोवाली, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिला ते "ताकदीच्या गोळ्या" द्यायचे. सहा-आठ महिन्यांत तिची पाळी बंद झाली, ओठावर लव आली, आणि आवाज फाटला. गोळ्या बंद केल्यावर पाळी सुरू झाली, बाकीचं बरंचसं गेलं, आवाज मात्र पहिल्यासारखा झाला नाही. आज ती आजी व्हायला आलीय, फोनवर अजून लोक तिला "हां भाऊ बोला" म्हणतात. सर वाईट होते का? नव्हते. त्यांना मेडल पाहिजे होतं आणि आपण पोरींचं भलं करतोय असं त्यांना मनापासून वाटायचं. स्पाइक्सचे उपकार खरे आहेत, ते मानाच. पण उपकार फेडायला पोराचं रक्त द्यायचं नसतं.

आणि "कोचनं दिलं" म्हणून काय होतं याचं उदाहरण आपल्या देशातच आहे. २०१० ला एशियाडमध्ये ४ बाय ४०० रिलेचं गोल्ड जिंकलेल्या टीममधल्या मुली पुढच्याच वर्षी स्टेरॉइडमध्ये सापडल्या. परदेशी कोचनं आणलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून गेलं, हे त्यांचं म्हणणं होतं. कोचला काढून टाकलं. मुलींना आधी एक वर्षाची बंदी मिळाली, मग प्रकरण स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडे गेलं आणि २०१२ मध्ये ती दोन वर्षांची झाली, लंडन ऑलिंपिक गेलं. कोच दुसरीकडे कोच होऊ शकतो, मुलीची पळायची वर्षं परत येत नाहीत.

शरीराचं थोडक्यात, कारण हे डॉक्टरनंच सांगावं. ईपीओ हाडातल्या मगजाला लाल पेशी वाढवायला सांगतं. किडनीच्या पेशंटच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नाही म्हणून त्याला देतात, तेही दर काही दिवसांनी रक्त तपासून. तुमच्या मुलाच्या शरीरात ते आधीच तयार होतंय, त्यावर बाहेरून टाकलं की रक्त दाट होतं, त्यात पळून घाम गेला की अजून दाट. मग गुठळी, हार्ट, मेंदू. रक्तात लाल पेशींचा वाटा किती त्याला हिमॅटोक्रिट म्हणतात, पुरुषात साधारण ४० ते ५० टक्के असतो. सायकलिंगवाल्यांनी १९९७ मध्येच नियम केला होता, ५० च्या वर गेला तर किमान १५ दिवस शर्यतीत उतरायचं नाही. उद्याच सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी करून घ्या, बीपी बघा, आणि फिजिशियनला खरं सांगा, दोन इंजेक्शनं घेतलीत, कधी घेतलीत. डॉक्टर पोलिसांत देत नाही, घाबरू नका. पाणी भरपूर, आणि रिपोर्ट येईपर्यंत ग्राउंड बंद. पाय दुखला, पोटरी सुजली, धाप लागली, छातीत दुखलं किंवा डोकं जोरात दुखायला लागलं तर वाट न बघता सरळ हॉस्पिटल. आणि एक विचारा, सुई त्याची स्वतःची होती का दोघातिघांत एकच. हे विचारायला लाज वाटेल, तरी विचारा. एकच असेल तर एचआयव्ही आणि काविळीच्या बी, सी टेस्टही लागतील.

आता करायचं काय.

गप्प बसून चालू ठेवायचं, हा मिस्टरांचा मार्ग, त्याबद्दल वर बोलले. दुसरा मार्ग म्हणजे इंजेक्शनं बंद, सरांना काहीतरी कारण सांगून ग्राउंड बदलायचं, विषय संपला. खरं सांगू, बहुतेक घरं हेच करतात, आणि पहिल्या मार्गापेक्षा हे शंभर पट बरं. पण त्या ग्राउंडवर अजून पोरं आहेत ना, त्यांच्यातल्या किती घरी कढीपत्त्याच्या मागे डबा आहे? आणि उद्या त्यातला एखादा सापडला, त्यानं तुमच्या मुलाचं नाव घेतलं तर तेव्हा तुमच्याकडे सांगायला काही उरलेलं नसेल.

तिसरा मार्ग, आपणहून सांगणं. यात धोका आहे, मी गोड बोलून तो लपवत नाही, बंदी लागू शकते, त्या काळातले निकाल जाऊ शकतात. पण नियम काय म्हणतात ते ऐका. जो १८ च्या आत आहे, आंतरराष्ट्रीय खुल्या गटात कधी उतरला नाही आणि नाडाच्या नोंदणीकृत टेस्टिंग पूलमध्ये, म्हणजे नेहमी टेस्ट करायच्या खेळाडूंच्या यादीत नाही, त्याला नियमात संरक्षित व्यक्ती म्हणतात. त्याची फारशी चूक नव्हती हे दिसलं तर शिक्षा नुसत्या समजेपासून जास्तीत जास्त २ वर्षांपर्यंत, आणि त्याचं नाव जाहीर करायची सक्ती नाही. टेस्टची नोटीस यायच्या आधी आपणहून कबूल केलं आणि दुसरा पुरावा नसेल तर बंदी निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते. देणाऱ्याविरुद्ध भक्कम माहिती दिली तर आणखी मोठा भाग स्थगित होऊ शकतो. आणि संरक्षित वयाच्या पोराला ईपीओसारखं औषध देणाऱ्या कोचला, सिद्ध झालं तर, आजन्म बंदी आहे. नियम पोराकडे आणि सरांकडे एका मापानं बघत नाही ताई. तुम्हाला वाटतंय तक्रार केली की मुलाचं करिअर संपणार, पण ही दोन इंजेक्शनं त्यानं १७ व्या वर्षी घेतलीत, त्यांचा हिशोब पोराचा हिशोब आहे. वाढदिवसानंतर घेतलेल्या एका सुईचा हिशोब मोठ्या माणसाचा होईल.

माझं मत तिसऱ्या मार्गाकडे आहे. पण घाईनं नाडाला ईमेल करू नका, आधी खेळातले नियम माहीत असणाऱ्या वकिलाशी अर्धा तास बसा, काय लिहायचं कसं लिहायचं ते ठरवा, आणि मुलाला बरोबर घेऊन बसा, त्याच्या पाठीमागे नको. नाव गुप्त ठेवून माहिती द्यायची सोय नाडाकडे आहे, जागतिक संस्था वाडाचं स्पीक अप नावाचं पोर्टल पण आहे. येत्या मीटमधून नाव मागे घ्या. तरीही टेस्टवाले घरी आले, येऊ शकतात, तर सॅम्पल द्यायचं, दार बंद करायचं नाही.

डबा. फेकू नका, आणि ठेवून पण घेऊ नका. खोक्याचे, लेबलचे, बॅच नंबरचे फोटो काढा, सरांचे मेसेज असतील तर त्यांचे स्क्रीनशॉट घ्या, किती तारखेला काय दिलं ते मुलाच्या हातानं लिहून घ्या. मग वकिलाच्या सल्ल्यानं, आठवडाभर न रेंगाळता दोन-तीन दिवसांत, तो अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक ऑफिसला अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. बॅच नंबरवरून ते कुठल्या होलसेलरकडून कुठल्या दुकानात गेलं हे ड्रग इन्स्पेक्टर शोधू शकतो. माझ्या धंद्यातला कुणी बिनबिलाचं देत असेल तर तो पण सापडलाच पाहिजे.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण थोडं, कारण पत्र एकीचं असलं तरी प्रश्न बऱ्याच घरांत आहे. भरतीची पोरं. भरती जवळ आली की १६०० मीटरवाले काउंटरवर येतात, एक तर मागच्या वेळी घामानं निथळत आला, पायात स्पाइक्स तसेच, मोबाइलवर इंजेक्शनचा फोटो, म्हणाला हे द्या मॅडम. मेफेंटरमाइन. ऑपरेशन टेबलवर पेशंटचं बीपी कोसळलं तर भूलतज्ज्ञ देतो ते औषध. चिठ्ठी मागितली तर म्हणतो बाकीचे देतात की. मी त्याला स्टुलावर बसवलं, नाडी बघितली, बसून पाच मिनिटं झाली तरी १३० च्या वर, आधीच कुठून तरी घेऊन आला होता. भरतीच्या मैदानावर नाडा नसते हे खरंय, पण हार्ट तर तेच असतं, आणि बिनचिठ्ठीचं देणारा तिथेही गुन्हेगारच आहे. जिमवाल्यांनो, तुम्हालाही हेच लागू.

आणि जे खरंच काही घेत नाहीत त्यांनी पण जपून. आपल्याकडच्या बऱ्याच खोकल्याच्या औषधांत टर्ब्युटालिन असतं, ते बंदीच्या यादीत आहे. थकवा आला की सलाईन लावून यायची आपल्याकडे पद्धत आहे, १२ तासांत १०० मिलीच्या वर शिरेतून काही घेणं खेळाडूला बंद आहे, हॉस्पिटलमधल्या खऱ्या उपचाराचा भाग असेल तरच चालतं, मग त्या सलाईनमध्ये नुसतं मीठ-साखरपाणी असलं तरी. यादी दर १ जानेवारीला बदलते. डॉक्टरला आधी सांगा की मी खेळाडू आहे, नाडाच्या नो युवर मेडिसिन ॲपवर औषधाचं नाव टाकून बघा, आणि आजारासाठी बंदीतलं औषध लागतच असेल तर उपचारासाठीची सूट आधी मागून घेता येते. प्रोटीन पावडरच्या डब्यावर काय छापलंय आणि आत काय आहे याची खात्री मी दुकानदार असून देऊ शकत नाही.

ताई, मुलाशी बोलताना "तू चोरी केलीस" असं सुरू करू नका. त्याला एवढंच विचारा की तुझं औषध घ्यायच्या आधीचं सगळ्यात चांगलं टायमिंग किती होतं. तो सेकंदासकट सांगेल, पळणारा कुणीच विसरत नाही, मला माझं अजून पाठ आहे. ते टायमिंग एका कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजच्या दारावर चिकटवा. तेवढं त्याचं स्वतःचं आहे, पुढची तयारी तिथून करायची. हिमोग्लोबिन खरंच कमी असेल तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा तपासा, डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील, त्या बंदीत नाहीत. नाचणी, अळीव, गूळ तुम्हाला मी काय सांगू.

सीबीसीचा रिपोर्ट आला की मला परत लिहा, हिमॅटोक्रिटचा आकडा आणि सुईचं काय ते दोन्ही लिहा. आणि मिस्टर तयार होत नसतील तर त्यांना घेऊन दुकानात या, दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं.